काव्यपुरुषाचे पाय : विंदा करंदीकरांची बालकविता आणि 'मूल' नावाचे गृहीतक

बालसाहित्याविषयीची मराठी समीक्षा बहुधा दोन प्रश्नांपाशी थांबते. हे लेखन मुलांना आवडते का, हा एक. आणि त्यातून मुलांवर कोणता संस्कार होतो, हा दुसरा. पहिला प्रश्न रुचीचा आहे, दुसरा उपयुक्ततेचा. या दोहोंच्या अलीकडे एक तिसरा प्रश्न आहे आणि तो नैतिक स्वरूपाचा आहे. बालसाहित्याच्या व्यवहारात लिहिणारा, छापणारा, निवडणारा, विकत घेणारा, शिकवणारा आणि अखेरीस त्याचे मूल्यमापन करणारा असे सारेच प्रौढ असतात. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालतो त्याला यांपैकी कोणत्याही टप्प्यावर मत नसते. इतका विषम असलेला हा व्यवहार न्याय्य केव्हा म्हणता येईल? प्रौढाने मुलाशी बोलताना मुलाचे कोणते देणे मान्य केले पाहिजे? विंदा करंदीकरांच्या बालकवितेच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावा, आणि हा विचार वाशीमसारख्या जिल्ह्यातील वर्गखोलीत नेला असता त्याचे काय होते तेही पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नाला परंपरेने दिलेली उत्तरे प्रथम ध्यानात घ्यावी लागतात. प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये दाया आणि आया मुलांना ज्या कथा सांगतात त्यांच्यावर राज्याची देखरेख असावी असे सुचविले. कोवळ्या मनावर जो ठसा उमटतो तो पुढे पुसला जात नाही, ही त्यामागची भूमिका. रूसोने 'एमिल'मध्ये (१७६२) याच्या उलट दिशेने जाऊन मुलाला बोधकथाच देऊ नयेत असे म्हटले. ला फोंतेनची कावळा आणि कोल्हा यांची गोष्ट ऐकून मूल स्तुतीला भुलू नये हा धडा घेत नाही. ते कोल्ह्याच्या बाजूला जाते आणि लबाडी शिकते, हे त्याचे निरीक्षण होते. हे निरीक्षण मार्मिक आहे. सांगणाऱ्याचा हेतू आणि ऐकणाऱ्याचे ग्रहण यांत अंतर असते आणि मूल त्या अंतरात स्वतःच्या मर्जीने वावरते, हे रूसोला दिसले होते. परंतु त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र कथा काढून घेण्याचा होता. एकाने चाळणी लावली, दुसऱ्याने दार लावले. मुलाला स्वतःचा विवेक चालविता येत नाही, हे दोघांनाही सारखेच मान्य होते.

मराठीत याहून वेगळे उत्तर साने गुरुजींनी दिले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'मध्ये निवेदक उपदेशकाच्या आसनावर बसत नाही. तो आपल्याच बालपणीचे अपराध सांगतो, आणि त्या अपराधांवर आईने घातलेली फुंकर सांगतो. शिकविणारा स्वतःच शिकणारा होऊन समोर येतो, हा मराठी बालसाहित्याच्या इतिहासातील मोठा नैतिक पालट होता. तरीही येथे एक अडचण उरते. आज्ञेला विरोध करता येतो. अश्रूंना विरोध करता येत नाही. जो आपल्यासमोर गहिवरून बोलतो आहे त्याला 'मला हे पटत नाही' असे म्हणणे मुलाला आज्ञा मोडण्याहून अवघड जाते. साने गुरुजींच्या प्रांजळपणाविषयी शंका न घेताही असे म्हणता येते की त्यांच्या कथनात मुलाला प्रेमाचा अधिकार भरपूर मिळतो. नकाराचा अधिकार फारसा मिळत नाही.

हा नकाराचा, किंबहुना अविश्वासाचा, अधिकार मराठी बालकवितेत सर्वांत मोकळेपणाने दिला तो विंदा करंदीकरांनी. गोविंद विनायक करंदीकर यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी देवगड तालुक्यातील धालवली येथला. इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून त्यांनी मुंबईत दीर्घकाळ अध्यापन केले. 'स्वेदगंगा' (१९४९), 'मृद्गंध' (१९५४) आणि 'ध्रुपद' (१९५९) या संग्रहांनी कवी म्हणून त्यांचे स्थान निश्चित झाल्यानंतर, १९६१ साली 'राणीची बाग' आणि 'एकदा काय झाले' ही मुलांसाठीची पुस्तके आली. तेथपासून १९९३ मधील 'टॉप', 'सात एके सात' आणि 'बागुलबोवा' यांपर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, त्यांनी मुलांसाठी कविता लिहिली. प्रौढ कवीने अधूनमधून केलेली ही करमणूक नव्हे, हे या कालखंडावरूनच स्पष्ट व्हावे. १९६५ साली 'परी गं परी' प्रसिद्ध झाले त्याच वर्षी त्यांचा 'फाउस्ट'च्या पहिल्या भागाचा अनुवादही आला. १९८१ साली 'पिशी मावशी आणि तिची भुतावळ' आले, त्याच वर्षी 'विरूपिका' हा संग्रह आणि ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'चे अर्वाचीनीकरणही आले. एकच कवी एकाच काळात भुतांचा संसार थाटीत होता आणि अद्वैताचा सर्वांत कठीण मराठी ग्रंथ आजच्या भाषेत आणीत होता. या दोन कामांचा परस्परांशी काही संबंध आहे काय, या प्रश्नाकडे पुढे यावयाचे आहे.

करंदीकरांच्या बालकवितेचा गाभा उलट्यापालट्या जगात आहे. इंग्रजीत एडवर्ड लिअर (१८४६) आणि लुईस कॅरल (१८६५), बंगालीत सुकुमार राय यांचे 'आबोल ताबोल' (१९२३), ही निरर्थाची परंपरा त्यांना जवळची होती, असे त्यांच्या कवितेच्या घडणीवरून म्हणता येईल. निरर्थाची पूर्वअट मोठी विलक्षण असते. उलटे जग उलटे आहे हे कळण्यासाठी सुलटे जग आधी ठाऊक असावे लागते. 'एटू लोकांचा देश' असा कोठे देश नाही, हे मुलाला माहीत असते. माहीत असूनही ते तेथे जाऊन येते. याचा अर्थ असा की कवी मुलाला अज्ञ समजून त्याच्याशी बोलत नाही. कवी असत्य सांगतो आणि ते ओळखण्याचे काम विश्वासाने मुलावर सोपवितो. ज्याने असत्य ओळखले तो हसतो, आणि हे हसणे म्हणजे त्या मुलाने दिलेला निवाडाच असतो.

पिशी मावशीच्या भुतावळीत हीच गोष्ट भयाच्या क्षेत्रात घडते. भूत नसते असे मुलाला सांगण्याची प्रौढांची रीत आहे. या सांगण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण अंधारात तर्क टिकत नाही. करंदीकर भुताचे अस्तित्व नाकारीत नाहीत. ते भुताला घर देतात, नातीगोती देतात, विक्षिप्त सवयी देतात. भय तेथे नाहीसे होत नाही, पण त्याच्याशी ओळख होते. ज्याच्याशी ओळख झाली त्याची थट्टा करता येते. मुलाच्या भयाचा असा मान राखणे हे त्याला निर्भय होण्याचा उपदेश करण्यापेक्षा अधिक कठीण काम आहे.

करंदीकरांनी पुढे 'अष्टदर्शने'मध्ये (२००३) ज्या तत्त्वज्ञांना मराठी पद्यात आणले त्यांत कांट आहे. माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, तो स्वतःच साध्य आहे असे मानून वागवावे, हे कांटचे सूत्र सर्वपरिचित आहे. बोधवादी बालसाहित्याचा दोष या सूत्राच्या प्रकाशात नेमका दिसतो. तेथे आजचे मूल हे उद्याच्या सज्जन नागरिकाचे साधन असते. त्याचे आजचे सात वर्षांचे असणे ही केवळ एक अडचण, लवकर ओलांडावयाची पायरी. करंदीकरांच्या कवितेत मूल कशाचीही पूर्वतयारी करीत नाही. ते आज, आत्ता, पूर्ण वाचक आहे. त्यांच्या बालकवितेची नैतिकता तिच्या आशयात शोधू गेल्यास हाती काही लागणार नाही, कारण ती मुलाशी जोडलेल्या नात्यात आहे.

येथवरचे विवेचन बहुतेक समीक्षकांना मान्य होईल. प्रश्न यापुढे सुरू होतो. सुलटे जग ठाऊक असेल तरच उलटे जग हसविते, असे आपण म्हटले. पण हे सुलटे जग कवितेत भाषेच्या वाटेने येते, आणि भाषा सर्व मुलांची सारखी नसते. 'राणीची बाग' हे शीर्षकच पाहावे. मुंबईच्या मुलाला ही भायखळ्याची बाग आहे, रविवारी आईबापांबरोबर जाण्याची जागा. कारंजा परिसरातील मुलाने पिंजरा पाहिलेला नसतो. सोहोळच्या अभयारण्याभोवतीच्या गावांत काळवीट दिसतो तो वावरात शिरलेला, पिकाचे नुकसान करणारा. त्या मुलाच्या अनुभवात प्राणी पाहावयाला जायचे नसते. प्राणी आपणहून येतो आणि त्याला हाकलायचे असते. तरीही संदर्भांचे हे अंतर कल्पनेने ओलांडता येते. न पाहिलेली बाग कल्पिणे हे तर वाचनाचे कामच आहे. खरी अडचण ध्वनीच्या पातळीवर आहे.

यमक हा कवीने कानाशी केलेला करार असतो. एका ओळीच्या शेवटी 'झुला' आला की दुसऱ्या ओळीच्या शेवटी 'मला' येणार, हे कान आधीच ओळखतो आणि ओळख पटल्याचा आनंद घेतो. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी 'मला' नसते, 'मले' असते. त्याच्या कानाशी हा करार झालेलाच नसतो. उलट 'शाळा' आणि 'फळा' ही जोडी त्याच्या उच्चारात 'शाया' आणि 'फया' होते. यमक शाबूत राहते, पण मोठ्याने वाचताना त्याला थांबवून उच्चार सुधारला जातो. मानोरा तालुक्यातील तांड्यावरून येणाऱ्या मुलाची स्थिती याहूनही वेगळी. पोहरादेवीमुळे साऱ्या बंजारा समाजाचे लक्ष लागलेला हा प्रदेश. तेथील मूल आईला 'याडी' म्हणते आणि गोरमाटी बोलत शाळेत येते. गोरमाटी ही मराठीची बोली नव्हे. तिचे नाते राजस्थानी भाषांशी आहे. या मुलाला पहिल्या दिवशी पाठ्यपुस्तकातील सरळ, गंभीर, अर्थपूर्ण वाक्यच निरर्थ वाटते. मग निरर्थ कविता त्याला काय वाटावी?

येथे एक मोठा नैतिक विपर्यास संभवतो. कवितेने हसणे योजिलेले असते ते विक्षिप्त जगाकडे पाहून. वर्गात मात्र मूल 'झुला'नंतर 'मले' वाचते आणि वर्ग त्या मुलाला हसतो. जी कविता मुलाच्या हाती निवाड्याचा अधिकार देण्यासाठी लिहिली गेली, तिच्याच वाचनात ते मूल निवाड्याचा विषय होते. कवितेचा एक शब्दही न बदलता तिची नैतिकता उलटी होते. आणि मग प्रश्नपेढीत विचारले जाते की या कवितेतून तुम्हांला कोणता बोध मिळतो.

वाशीम जिल्ह्यातून विचार करताना या ठिकाणी एक जुनी कथा आठवणे अपरिहार्य आहे, कारण ती कथा याच भूमीवर संपते. दहाव्या शतकाच्या प्रारंभीच्या राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाच्या जन्माची कथा सांगितली आहे. सरस्वतीला तपाने पुत्र झाला. तो जन्मताच उठला, आईच्या पायांना स्पर्श करून छंदोबद्ध बोलला. आईने कौतुकाने त्याच्या देहाचे वर्णन केले : शब्द आणि अर्थ हे त्याचे शरीर, संस्कृत हे मुख, प्राकृत हे बाहू, अपभ्रंश हे जघन, पैशाची हे पाय, मिश्र भाषा ही छाती. पुढे आई ब्रह्मदेवाच्या सभेस निघाली तेव्हा मुलाने मागे येऊ पाहिले. तिने त्याला परत पाठविले आणि तो रुसून निघून गेला. त्याला बांधून ठेवण्यासाठी गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती देशोदेशी त्याच्या मागे फिरली आणि अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरात त्या दोघांचा गांधर्व विवाह झाला. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी.

या कथेचा अभिमान आमच्या भागात सहज बाळगला जातो. पण ती एका मुलाची कथा म्हणून वाचली तर अस्वस्थ करते. काव्यपुरुषाचे बालपण कोठे आहे? तो जन्मतःच छंदात बोलतो. त्याला भाषा शिकावी लागत नाही, त्याचा उच्चार चुकत नाही, त्याचे यमक कोणी सुधारीत नाही. बालकवितेच्या समीक्षेत आपण ज्याला 'मूल' म्हणतो तो नकळत हाच काव्यपुरुष असतो : प्रमाण भाषेत जन्मलेला, लयीला तयार, मुख ज्याचे शुद्ध आहे असा. त्याच्या देहाला पायही आहेत, आणि ते दुसऱ्याच भाषेचे आहेत, हे राजशेखराने प्रामाणिकपणे नोंदविले. आपण मात्र मुखाकडे पाहून साऱ्या देहाविषयी बोलतो. वस्तुतः वत्सगुल्माचा स्वतःचा वारसाही मुखाचा नाही. या शाखेचा संस्थापक सर्वसेन याने 'हरिविजय' हे काव्य रचले ते प्राकृतात. राजाने बाहूंच्या भाषेत लिहिले, ही गोष्ट विवाहाच्या कथेइतकीच स्मरणात राहावयास हवी होती.

तर मग करंदीकरांवर दोष ठेवावा काय? तसे करणे अन्यायाचे होईल. कोणताही कवी सर्व भाषांतून लिहीत नाही. कोकणातील खेड्यात जन्मलेल्या आणि मुंबईत आयुष्य घालविलेल्या कवीकडे वऱ्हाडी यमकाची मागणी करणे हे समीक्षेचे काम नव्हे. दुसरा एक मार्ग नेहमी सुचविला जातो : वऱ्हाडी मुलासाठी वऱ्हाडी कविता, बंजारा मुलासाठी गोरमाटी कविता. अशी कविता अवश्य लिहिली जावी. या मातीत ती रुजणार नाही असेही नाही. येथील कादंबरीकार बाबाराव मुसळे यांनी आपल्या कादंबरीला 'हाल्या हाल्या दुधू दे' असे नाव दिले. हाल्या म्हणजे रेडा, आणि रेड्याकडे दूध मागणे याहून उलटे मागणे ते कोणते? कादंबरी मोठ्यांची आणि दुःखाची आहे, पण निरर्थाची धार वऱ्हाडीत किती सहज येते हे त्या चार शब्दांत कळते. तथापि ज्याच्या त्याच्या बोलीत ज्याची त्याची कविता एवढ्यावरच थांबलो, तर आपण मुलाला सन्मानाच्या नावाखाली त्याच्या घरातच कोंडतो. प्रमाण भाषा हाही त्या मुलाचा हक्क आहे. त्या भाषेतील उत्तम कविता, आणि त्या कवितेला हसण्याची मुभा, हेही त्याला मिळाले पाहिजे.

या पेचातून बाहेर पडण्याची वाट करंदीकरांच्याच कार्यात आहे असे मला वाटते. 'अमृतानुभव' हा मराठीतला पूज्य ग्रंथ. त्याची भाषा आजच्या वाचकाला दुर्गम झाली तेव्हा करंदीकरांनी असे म्हटले नाही की वाचकाने आधी ज्ञानेश्वरांची मराठी शिकून यावे. त्यांनी ग्रंथ वाचकाच्या भाषेत आणला. मूळ शब्द बदलले, मूळ नाद काही प्रमाणात गमावला, आणि तरीही या कृतीला कोणी ज्ञानेश्वरांचा अवमान म्हटले नाही. एका मराठीतून दुसऱ्या मराठीत जाणे हे निष्ठेचेच एक रूप असू शकते, ही मान्यता त्या कामामागे आहे. प्रौढ वाचकाला, तत्त्वज्ञानाच्या ग्रंथासाठी, जी सवलत कवीने स्वतः दिली ती सात वर्षांच्या वाचकाला, भुतांच्या कवितेसाठी, नाकारण्याचे कारण कोणते?

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. मुलाने 'झुला'नंतर 'मले' म्हटले तर यमक मोडते, हे त्या मुलालाही ऐकू येते. शिक्षकाने तेथे उच्चार सुधारण्यापूर्वी एवढेच विचारावे की मग 'मले'शी जुळणारे काय येईल? मूल 'झुले' म्हणेल, किंवा आणखी काही म्हणेल. त्या क्षणी ते कवितेचे केवळ पाठांतर करीत नाही. कवीने केलेला करार ते आपल्या कानाशी नव्याने करते. मग मूळ पाठही वाचावा, दोन्ही शेजारी ठेवावेत. तांड्यावरच्या मुलाने ती ओळ गोरमाटीत सांगावी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांनी ती समजून घेण्याची धडपड करावी. न समजण्याचा अनुभव एकाच बाजूच्या वाट्याला का यावा? यात काही हरवते हे मान्य केले पाहिजे. कवितेचा नेमका नाद हरवतो, आणि कवितेत नाद ही दुय्यम गोष्ट नसते. परंतु ज्या कानापर्यंत तो नाद मुळात पोचलाच नव्हता, त्याच्या संदर्भात जे हरवले ते त्याचे होते असे कसे म्हणावे?

संहितेच्या पावित्र्याचा आग्रह धरणाऱ्यांना ही मोकळीक जास्त वाटेल. त्यांना एवढेच विचारता येईल की अविश्वासाचा अधिकार देणारी कविता स्वतःबद्दल मात्र पूर्ण श्रद्धेची मागणी कशी करू शकेल? एटूंच्या देशावर अविश्वास दाखविणारे मूल पुस्तकातल्या यमकावरही शंका घेणारच. ती शंका ज्या वर्गात मांडता येते तेथे करंदीकरांची कविता पूर्णत्वाने वाचली गेली. जेथे ती मांडता येत नाही तेथे केवळ पाठ झाली.

१४ मार्च २०१० रोजी करंदीकरांचे निधन झाले. ज्ञानपीठ पुरस्काराने त्यांच्या कवित्वाचा गौरव झालेला होता; त्यांच्या बालकवितेचे स्थानही आज कोणी नाकारीत नाही. आता समीक्षेपुढचे काम कवीच्या गौरवाचे उरलेले नाही. बालसाहित्याच्या प्रत्येक विवेचनात 'मूल' हा शब्द एकवचनात येतो. तो वापरताना हे मूल घरी आईला काय म्हणून हाक मारते, एवढा प्रश्न समीक्षकाने स्वतःला विचारला, तरी काव्यपुरुषाच्या मुखाबरोबर त्याचे पायही विवेचनात येतील. वत्सगुल्मापर्यंत तो त्याच पायांनी चालत आला होता.